धूर म्हणजे ताकद नव्हे



जुन्या ट्रकला ओढ हवी असेल तर धूर सोसावाच लागतो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला साफ अमान्य आहे. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल. मालकाने पैसे मोजून भरलेले इंधन खंबाटकी घाटाच्या चढावर मागच्या दुचाकीस्वाराच्या छातीत जाते. पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवायचे आणि हवा तेवढीच ठेवायची, याला इंजिन बांधणे म्हणत नाहीत.

आधी हवा पाहा. एअर फिल्टर, टर्बोच्या शाफ्टचा प्ले, होजच्या क्लिपा. साबणाचे पाणी लावले की गळती बुडबुड्यांनी कळते. नोझल टिपकत असेल तर नव्या लायनर-पिस्टननेही धूर जात नाही. मग पंप टेस्ट बेंचवर कंपनीच्या मापाला लावावा. असे बांधलेले बीएस-३ इंजिन चढही ओढते आणि पीयूसीतील धुराची ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादाही पाळते.

टायमिंग पुढे घेण्याचा मोह मात्र टाळावा. धूर घटतो, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि धूरमापकाला ते दिसतच नाहीत. मूळ तपशिलाबाहेरच्या फेरफारांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, ते योग्यच आहे. गेलेली ताकद परत मिळवायला त्याची आडकाठी नाही.

ट्रकमालकांनी गॅरेजकडून बिलासोबत पंपाच्या बेंचची मापे लेखी मागून घ्यावीत.

— एक डिझेल मिस्त्री, सातारा