एकत्र श्रवण आणि चोहोंबाजूंचा नाद

मोठमोठ्या शहरांतून अलीकडे एक नवी रीत रूढ होऊं लागली आहे. एखाद्या वाद्यवृंदाची संपूर्ण ध्वनिमुद्रिका, जिला आपण ‘अल्बम’ म्हणतों, ती ऐकण्यासाठीं पांचपन्नास माणसें एका दालनांत अथवा चित्रपटगृहांत जमतात. दिवे मंद होतात. समोर, मागें, दोहों बाजूंस आणि छतालाहि कर्णे बसविलेले असतात, आणि पहिल्या स्वरापासून अखेरच्या स्वरापर्यंत कोणी बोलत नाहीं. ही हकीकत वाचून आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं अशी इच्छा बोलून दाखविली आहे कीं, आपल्या सभागृहांतहि असे कर्णे असावे व त्यासाठीं पालकांकडून वर्गणी जमवावी. ह्या इच्छेंत एक गोष्ट फार चांगली आहे आणि दुसरी अगदीं अनावश्यक आहे, असें माझें मत आहे.

प्रथम ‘अल्बम’ ह्या शब्दाकडेच पहा. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस तीनचार मिनिटांचेंच वादन मावत असे. एखादी दीर्घ पाश्चात्य रचना ऐकावयाची तर चारपांच तबकड्या लागत, आणि छायाचित्रें ठेवण्याच्या वहीसारख्या जाड पुस्तकांत घालून त्या विकीत. त्या पुस्तकावरून हें नांव पडलें. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें एका बाजूस वीसएक मिनिटें वाजणारी तबकडी बाजारांत आणली. पुस्तक गेलें, नांव मात्र राहिलें. कोणतें गीत आधीं आणि कोणतें नंतर, हेंहि रचनाकारानें विचारपूर्वक ठरवावें, अशी कल्पना ह्या नांवाबरोबर रुजली. आज मोबाईलवर बोट फिरवितांच ती माळ तुटते व एकेक मणी हातीं येतो. तेव्हां अखंड रचना एका बैठकींत ऐकावी, ही आमच्या विद्यार्थ्यांची हौस मला मनापासून स्तुत्य वाटते.

आतां कर्ण्यांविषयीं. लंडन येथील एक प्रसंग ह्या बाबतींत मोठा बोधप्रद आहे. ‘पिंक फ्लॉइड’ ह्या काहींशा विचित्र नांवाच्या वृंदानें १९७३ सालीं ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही सुमारें ४३ मिनिटांची ध्वनिमुद्रिका तयार केली. काळ, पैसा, मृत्यु आणि मतिभ्रम हे तिचे विषय; एखाद्या धर्मोपदेशकानें प्रवचनासाठीं निवडावे असेच! २७ फेब्रुवारी १९७३ रोजीं लंडनच्या तारांगणांत पत्रकारांना ती ऐकविण्याची सभा भरली. ती चार दिशांच्या कर्ण्यांतून ऐकवावी, असा वृंदाचा आग्रह होता. १९६७ सालींच क्वीन एलिझाबेथ हॉलमध्यें त्यांनीं श्रोत्यांच्या सभोंवतीं नाद फिरविण्याचा प्रयोग केला होता. परंतु त्या सभेसाठीं चार दिशांचें मिश्रण वेळेवर सिद्ध झालें नाहीं. तेव्हां चौघांपैकीं तिघे सभेकडे फिरकलेच नाहींत; पाहुण्यांना भेटल्या त्या वादकांच्या पुरुषभर उंचीच्या पुठ्ठ्याच्या आकृत्या.

पुढें काय झालें? तीच ध्वनिमुद्रिका लोकांनीं घरोघरीं दोन साध्या कर्ण्यांतून ऐकली. १९७३ ते १९८८ ह्या काळांत अमेरिकेंतील बिलबोर्ड नियतकालिकाच्या यादींत ती एकूण ७४१ आठवडे टिकली. पन्नास वर्षांनीं, २०२३ सालीं, नव्या पद्धतीचें चोहोंबाजूंचें मिश्रण निघालें व देशोदेशींच्या तारांगणांत ती ऐकविण्यांत आली. वादकांची मूळची इच्छा अशा रीतीनें पुरी झाली, परंतु श्रोते कांहीं तोंपर्यंत खोळंबले नव्हते.

ह्यावरून चोहोंबाजूंचा नाद म्हणजे निव्वळ चैन, असें मात्र कोणीं समजूं नये. नाद कोणत्या दिशेनें आला हें आपण ओळखतों, त्याचें एक कारण असें कीं, तो एका कानीं दुसऱ्या कानापेक्षां सेकंदाच्या हजारांश भागाहूनहि कमी वेळ आधीं पोहोंचतो. इतक्या सूक्ष्म भेदाचा उपयोग संगीतांत फार जुना आहे. व्हेनिस येथील सेंट मार्कच्या भव्य मंदिरांत १५८५ पासून १६१२ पर्यंत ऑर्गनवादक असलेल्या जोव्हानी गाब्रिएली ह्यानें निरनिराळ्या ठिकाणीं उभ्या राहणाऱ्या गायक-वादकांच्या संघांसाठीं रचना केल्या. एका संघानें हांक द्यावी, दुसऱ्यानें ओ द्यावी. त्या रचना समोरच्या एका कर्ण्यांतून ऐकणें म्हणजे अर्धेंच ऐकणें होय. २०१२ सालीं चित्रपटगृहांत आलेली ‘डॉल्बी ॲटमॉस’ पद्धति हेंच काम ६४ पर्यंत कर्ण्यांच्या साहाय्यानें करूं शकते. (आपल्याकडे ‘डॉल्बी’ म्हणतांच मिरवणुकींतील कर्ण्यांची भिंत डोळ्यांपुढें येते, आणि छातींत धडधडूं लागतें, तिच्याशीं ह्या पद्धतीचें नातें नांवापुरतेंच.) परंतु अब्दुल करीमखांसाहेबांच्या जुन्या तबकडींतील तंबोरा आपल्या पाठीमागें नेऊन ठेवण्यांत काय साधणार? गवई समोर बसतो. त्याला समोरच बसूं द्यावें.

टोकियो शहराच्या शिबुया भागांत ‘लायन’ नांवाचें एक कॉफीगृह १९२६ सालीं निघालें. युद्धांतील बाँबहल्ल्यांत तें जळालें आणि १९५० सालीं पुन्हां उभें राहिलें. तेथें खुर्च्यांचीं तोंडें कर्ण्यांकडे, आणि संभाषणास बंदी. छताला कांहीं टांगलेलें नसतांहि लोक तेथें जातात तें एकत्र, निमूटपणें ऐकण्यासाठींच. घरीं एकटे असतां कंटाळवाणा भाग आला कीं आपण पुढें जातों. सभेंत शेजाऱ्याच्या भिडेनें बसून राहतों, आणि पुष्कळदां त्याच संथ भागामुळें पुढच्या गीताचें मर्म उलगडतें.

पालकांनाहि एक विचारावेंसें वाटतें. आपली मुलगी कानाला हेडफोन लावून काय ऐकते, हें आपणांस ठाऊक आहे काय? आणि मुलांनो, तुमच्या वडिलांना तरुणपणीं कोणत्या तबकडीनें वेड लावलें होतें, हें तुम्हीं कधीं विचारलें आहे काय? एकाच घरांत चार माणसें चार दिशांना ऐकत बसलीं आहेत!

म्हणून माझी सूचना अशी कीं, वर्गणीचा विचार तूर्त बाजूस ठेवावा. स्नेहसंमेलनांत वापरतों ते दोन कर्णे सभागृहांत आहेतच. महिन्यांतून एका शनिवारीं शाळा सुटल्यावर दारें लावून, मोबाईल दाराशीं टोपलींत ठेवून, एक अखंड ध्वनिमुद्रिका ऐकावी. एका महिन्यांत निवड विद्यार्थ्यांची, दुसऱ्या महिन्यांत पालकांची. आणि निवड कोणाचीहि असो, दोघांनींहि यावें. मधें टाळ्या नकोत. संपल्यावर ज्याला बोलावयाचें असेल त्यानें पांच मिनिटें बोलावें. पहिल्या शनिवारची निवड कोणाकडे असावी, ह्यावर दहावीच्या वर्गांत आतांच कडाक्याचा वाद चालू असल्याचें ऐकतों.