आयत्या फुलांवर दुकानदारी

गुलाबाच्या पाकळीत निळा रंग निर्माण करणारे द्रव्य निसर्गतः नसते. जपानच्या सनटोरी कंपनीने ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या साहाय्याने अनेक वर्षे खटपट केली, पॅन्सीच्या फुलातील जनुक गुलाबात घातले आणि २००४ साली निळा गुलाब सिद्ध झाल्याची घोषणा केली. २००९ मध्ये तो जपानात विक्रीस आला, तेव्हाही त्याची छटा निळ्यापेक्षा फिकट जांभळीकडेच झुकणारी होती. आपल्याकडील ऑनलाइन बाजारात मात्र मोरपिशी, गडद निळ्या, इतकेच काय, एकाच फुलात इंद्रधनुष्याचे सगळे रंग मिरवणाऱ्या गुलाबाच्या बिया चहाफराळाच्या खर्चात घरपोच मिळतात! जातिवंत गुलाबाची वाढ डोळा भरून करतात, बी पेरून मूळ जातीचे फूल हाती लागत नाही, ही गोष्ट कोणताही माळी सांगेल. पण गिऱ्हाईक माळ्याला विचारत नाही, ते चित्र पाहते. आणि ते चित्र पुष्कळदा कोणा हौशी बागवानाने आपल्या अंगणातील पांढऱ्या किंवा तांबड्या गुलाबाचे काढलेले असते. विक्रेत्याने ते परस्पर उचललेले असते आणि त्यावरून संगणकाचा निळा हात फिरवलेला असतो.

निळा गुलाब हे या प्रकाराचे ढोबळ रूप झाले. त्याहून अधिक प्रमाणावर चालणारा व्यवहार साधा आहे. कमळ, अडेनियम, ऑर्किड, निवडुंग, झाड कोणतेही असो, दुसऱ्याने काढलेले चांगले छायाचित्र घ्यायचे, कोपऱ्यातील त्याचे नाव कापून टाकायचे आणि त्याखाली आपली किंमत लिहायची. छायाचित्रकाराला याचा पत्ता लागतो तो बहुधा योगायोगाने. एखादा स्नेही ‘तुम्ही रोपे विकायला लागलात काय?’ असे विचारतो, तेव्हा.

ही माणसे कोण असतात? धंदेवाईक छायाचित्रकार त्यांत थोडे. बहुतेक निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, गच्चीत शंभर कुंड्या सांभाळणाऱ्या गृहिणी. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते खरे पाहता निवडुंगाच्या कुळातले. हिमालयातील ब्रह्मकमळ निराळे. ते रात्री उमलते आणि सकाळपर्यंत मान टाकते. त्याची पूर्ण उमललेली अवस्था टिपायची तर रात्र जागवावी लागते. सह्याद्रीच्या पठारांवरील कंदीलपुष्पाचे चित्र हवे असेल तर भर पावसात चिखलात कोपरे टेकून बसावे लागते. कारवीचा बहर तर एकदा हुकला की पुढची सात वर्षे वाट पाहणे आले. या श्रमाचा मोबदला यांतील कोणी मागितलेला नसतो. अनेकांनी आपली चित्रे नाव देण्याच्या एवढ्याच अटीवर सर्वांना मोकळी करून दिलेली असतात. आयत्या बिळावरच्या नागोबाला तेवढी अटही जड होते.

या वर्तनाच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. फूल तर देवाने निर्माण केले, त्यात तुमचे काय? हा युक्तिवाद वाटतो तितका नवा नाही. स्ट्रासबुर्गचा मुद्रक योहान शोट याने १५३० साली ब्रुनफेल्सचा वनस्पतिग्रंथ काढला. त्यातील चित्रे हान्स वायडिट्झ याने प्रत्यक्ष झाडे समोर ठेवून काढली होती, आणि वाळलेली, किडलेली पानेही त्याने जशीच्या तशी दाखवली होती. फ्रँकफुर्टच्या एगेनोल्फ नामक मुद्रकाने ती उचलून आपल्या ग्रंथात घातली. १५३३ मध्ये प्रकरण साम्राज्याच्या न्यायासनापुढे गेले, तेव्हा एगेनोल्फने सांगितले की झाड जसे असते तसेच काढावे लागते, ते निराळे कसे काढणार? मग एकाने काढलेले झाड दुसऱ्याने काढूच नये काय? उत्तर म्हणून हे चतुर आहे, पण प्रश्नाला बगल देणारे आहे. शोटची तक्रार दुसऱ्याने तेच झाड काढले अशी नव्हती; आपले चित्र उतरवून घेतले अशी होती. गुलाब कोणाच्याही मालकीचा नाही, हे मान्यच आहे. म्हणून तर विक्रेत्याला स्वतःच्या गुलाबाचे छायाचित्र काढण्यास कोणी मनाई केलेली नाही. ते तो काढत नाही, कारण पुष्कळदा तो गुलाब त्याच्यापाशी नसतोच.

(जाता जाता हेही नमूद करायला हवे की, १६७८ पासून आम्स्टरडॅममध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथासाठी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी ब्राह्मणांनी माहिती पुरवली. त्यांचे प्रमाणपत्र डच अधिकारी व्हान रीड याने त्यांच्या नावानिशी, कोकणीत आणि देवनागरीत पहिल्या खंडात छापले. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका परकी सत्ताधाऱ्याला जे सुचले, ते आजच्या विक्रेत्याला सुचू नये, याला काय म्हणावे?)

कायद्याविषयी गैरसमज फार आहेत. ‘इंटरनेटवर आहे म्हणजे सर्वांचे आहे’ हा त्यांतला पहिला आणि ‘नोंदणी केली नाही म्हणजे हक्क नाही’ हा दुसरा. दोन्ही निराधार आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि ते काढणारा हा तिचा कर्ता आहे. हक्क चित्र काढताच निर्माण होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रकाराला चित्रकाराच्या पंक्तीला बसवले असून त्याचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा त्याचा अधिकार वेगळा आहे. चित्रावरील नाव जाणूनबुजून पुसणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. कागदावर पाहिले तर याहून कडक कायदा कोणी मागू नये.

परंतु कागदावरून उतरून व्यवहारात आले की चित्र पालटते. आपले छायाचित्र बाजाराच्या संकेतस्थळावर दिसले तर काय करावे? प्रथम पुरावा राखावा: जाहिरातीचे पूर्ण पान, त्याचा पत्ता, विक्रेत्याचे नाव, तारीख आणि वेळ. हे तक्रारीच्या आधी करावे, कारण कुणकुण लागताच पान नाहीसे होते. मूळ फाइल जपावी. मोबाइलवरून फिरत फिरत आलेल्या प्रतीत चित्र केव्हा आणि कशाने काढले ही माहिती बहुधा उरत नाही. त्याच वेळी त्याच झाडाची आणखी चार चित्रे काढलेली असतील तर उत्तम, कारण ती चोराजवळ असणार नाहीत. मग संकेतस्थळाच्या तक्रारनिवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. भाषा संयमाची ठेवावी. निराधार धमकी दिली तर समोरचाच न्यायालयात जाऊ शकतो, अशीही सोय त्याच कायद्यात आहे. येथवर सर्व सुरळीत आहे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे रीतसर तक्रार पोचल्यापासून ३६ तासांत मध्यस्थाने तो मजकूर झाकावयाचा असतो. मात्र तो झाकावयाचा २१ दिवस. त्या मुदतीत सक्षम न्यायालयात दावा लावून आदेश आणून देईन, अशी हमी तक्रारदाराने तक्रारीतच द्यावयाची असते. आदेश आला नाही तर चित्र पुन्हा झळकण्यास वाट मोकळी! शाळामास्तराने जास्वंदीच्या एका चित्रासाठी तीन आठवड्यांत वकील गाठावा, मुद्रांक भरावा आणि जिल्हा न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. चित्रपट कंपन्या आणि ध्वनिमुद्रिकांचे व्यापारी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या नियमांत हा मास्तर कोठे बसतच नाही.

पोलिसांत जाण्याचा मार्ग आहे. पण एखाद्या रोपवाटिकेच्या मालकाला फुलाच्या चित्रापायी कोठडीत घालावे, असे कोणत्याही समंजस माणसाला वाटणार नाही. यांतील कित्येकांना आपण चोरी करतो याचे भानही नसते. ठोक व्यापारी रोपांबरोबर मोबाइलवर चित्रांचे गाठोडे पाठवतो, किरकोळ विक्रेता ते जसेच्या तसे लावतो. अशांना एक सभ्य पत्र पुरते. तसेच वर्गात शिकवताना दाखवलेल्या किंवा स्वतःच्या अभ्यासासाठी वापरलेल्या चित्रालाही या पंक्तीत बसवण्याचे कारण नाही. कायद्याने त्याला वाव ठेवला आहे. नाव लिहिण्याची सवय मात्र तेथेच लागली तर बरे.

आमच्या मते या प्रश्नाची मांडणीच चुकीच्या जागी झाली आहे. छायाचित्रकार आणि विक्रेता यांच्यातील खाजगी भांडण म्हणून याकडे पाहिले जाते, आणि त्यामुळे ज्याचे खरे नुकसान होते तो ग्राहक बाजूला राहतो. सदऱ्याचा रंग चित्राप्रमाणे नसेल तर पुडके उघडताच कळते आणि सदरा परत जातो. रोपाचे तसे नाही. पिवळ्या चाफ्याच्या नावाखाली भलतेच रोप आले तर ते फुलेपर्यंत उमगत नाही. हापूसचे कलम म्हणून कोयीपासून उगवलेले रायवळ आंब्याचे रोप हाती पडले, तर फळ धरेपर्यंत काही वर्षे जातात. माल परत घेण्याची आठ-दहा दिवसांची मुदत तोवर केव्हाच उलटलेली असते. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदतही सामान्यतः कारण घडल्यापासून दोन वर्षांचीच. विलंब माफ होऊ शकतो, पण तो माफ करवून घेणे हे आणखी एक प्रकरण होऊन बसते. रोपाच्या खरेदीत चित्र हाच ग्राहकाचा एकमेव आधार असतो. ते चित्र दुसऱ्याच्या झाडाचे असेल, तर ‘हे मजजवळ आहे आणि हेच मी पाठवतो’ हे विक्रेत्याचे विधान तेथेच खोटे पडते. म्हणून चोरलेले चित्र हा निव्वळ हक्कभंग नसून फसवणुकीचा सकृद्दर्शनी पुरावा आहे, आणि त्याची दखल ग्राहक कायद्याने घेतली पाहिजे.

त्यासाठी नवा कायदाही नको. २३ जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बाजारपेठ चालवणाऱ्या कंपन्यांवर बंधन घातलेच आहे की, वर्णन आणि चित्रे मालाच्या प्रत्यक्ष रूपाशी व गुणांशी जुळतील अशी हमी त्यांनी विक्रेत्यांकडून लिहून घ्यावी. हमी लिहून घेतली जाते, आणि बहुधा तेथेच संपते. मौज अशी की, ग्राहकाने एखादे चित्र दाखवले तर तशीच वस्तू क्षणार्धात शोधून देणारी यंत्रणा यांतील बड्या कंपन्यांपाशी आहे. पण एकच चित्र चाळीस विक्रेत्यांनी लावले आहे, हे मात्र त्याच यंत्रणेला दिसत नाही, यावर कोणी विश्वास ठेवावा? विक्री झाली की दलाली मिळते, तक्रार आली की ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ म्हणून अंग झटकता येते. ही सोय आहे तोवर त्यांनी डोळे का उघडावेत?

याच नियमांत आणखी एक कलम आहे. कॉपीराइट किंवा ट्रेडमार्क कायद्याखाली काढून टाकलेला माल जे विक्रेते वारंवार पुन्हा मांडतात, त्यांची नोंद कंपनीने ठेवावी, असे ते सांगते. हे वाचून समाधान वाटते न वाटते तोच पुढचे परंतुक भेटते: अशा विक्रेत्याला बाजारातून काढण्याचे बंधन कंपनीवर नाही, तिला वाटल्यास तिने काढावे. म्हणजे हजेरीपुस्तकात उनाड मुलाच्या नावापुढे खूण करायची आणि त्याला पुन्हा मागच्या बाकावर बसू द्यायचे. हे परंतुक केंद्र सरकारने काढून टाकावे. निदान सजीव मालाच्या बाबतीत तरी, जो खरेदीच्या दिवशी तपासता येत नाही, तिसऱ्या सिद्ध तक्रारीनंतर विक्रेत्याचे दुकान बंद झाले पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली चित्रे आल्यापासून ही निकड वाढली आहे. मांजराच्या तोंडवळ्याची फुले, काचेसारखी पारदर्शक पाने अशी न उगवणारी झाडे आता चित्रांत उगवतात. तेथे अमुक एकाचे चित्र चोरले असे दाखवणे अवघड, म्हणून कॉपीराइटचा मार्ग जवळजवळ खुंटतो; ग्राहकाची फसवणूक मात्र तेवढीच राहते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची स्वतःहून चौकशी करता येते आणि त्या थांबवताही येतात. निळ्या गुलाबाच्या बियांपासून त्याने सुरुवात करावी. त्यासाठी कोणत्याही तज्ज्ञ समितीची गरज नाही. प्रत्येक विक्रेत्याने विकावयाच्या रोपाचे, पिशवीसकट आणि तारखेसह, स्वतः काढलेले एक छायाचित्र जाहिरातीत लावावे, एवढी अट घातली तरी पुष्कळ दुकाने आपोआप रिकामी होतील. प्रामाणिक रोपवाटिकांना तिचा काहीच जाच होणार नाही. त्यांच्याकडे रोप आहे, पिशवी आहे आणि खिशात मोबाइलही आहे.