पुढच्या आसनाचा हिशेब

सांगलीच्या हळद बाजारात तीन पिढ्यांची अडत असलेल्या एका कुटुंबात गेल्या वर्षी आलिशान गाडी घेण्याचा विचार निघाला. निमित्त अण्णांचे होते. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे झिजलेले, आणि दर दोन महिन्यांनी पुण्याला डॉक्टरांकडे जाणे अटळ. थोरले चिरंजीव पेढी पाहतात. धाकट्यांनी मसाला निर्यातीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आहे. नातवाने दोन नावे पुढे ठेवली : चाकणला जुळणी होणारी मर्सिडीज ई-क्लास आणि चेन्नईच्या कारखान्यातून येणारी बीएमडब्ल्यू ५ सिरीज. दोन्ही लांब व्हीलबेसच्या. एकीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर 3,094 मिलिमीटर, दुसरीचे 3,105. ही वाढीव लांबी सगळी मागे बसणाऱ्याच्या पायांसाठी असते, कारण आपल्याकडे अशा गाडीचा मालक बहुधा मागेच बसतो.

प्रथम पैशाचा विचार झाला. व्यापाऱ्याच्या घरात तो तसाच व्हावा. धाकट्यांचे म्हणणे असे की, गाडी कंपनीच्या नावे घ्यावी. जीएसटीची वजावट मिळेल, घसारा मिळेल. यातील पहिली समजूत व्यापारी मंडळींत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. पूर्वी 28 टक्के कर व त्यावर उपकर असे. एक्स-शोरूम 80 लाखांच्या गाडीत जवळजवळ 22 लाख 85 हजार रुपये हा करच असतो. परंतु तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी वाहनावर भरलेल्या कराची वजावट कायद्यानेच रोखलेली आहे. वाहनविक्री, प्रवासी वाहतूक किंवा वाहनचालन शिकविणे हा धंदा असेल तरच सवलत. हळदीच्या व्यापाऱ्याला ती नाही.

महाराष्ट्रातील रस्ता कर हा दुसरा मुद्दा. वीस लाखांवरील पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावे घेतल्यास 13 टक्के, कंपनीच्या नावे घेतल्यास 20 टक्के. 80 लाखांवर हा फरक 5 लाख 60 हजारांचा होतो, आणि तो पहिल्याच दिवशी द्यावा लागतो. घसारा 15 टक्क्यांनी मिळतो हे खरे. पण आर्थिक वर्षात गाडीचा वापर 180 दिवसांहून कमी झाला तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्माच. दिवाळी पाडव्याचा मुहूर्त साधणाऱ्यांना हे मार्चमध्ये हिशेबनीस सांगतो, तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय खासगी वापराच्या प्रमाणात खर्च नामंजूर होऊ शकतो. गाडी अण्णांसाठी आणि घसारा कंपनीच्या खात्यात, ही गोष्ट कागदावर बसवता येईलही. प्रामाणिक हिशेबात ती बसत नाही. थोरल्यांनी एवढेच विचारले की, कंपनीच्या कामासाठी ही गाडी महिन्यात किती दिवस फिरणार? धाकट्यांना उत्तर सुचेना. गाडी थोरल्यांच्या नावे घ्यावी असे ठरले. (दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता जो एक टक्का टीसीएस वसूल करतो, तो मात्र बुडत नाही, आयकर विवरणपत्रात तो जमा धरला जातो. पुष्कळ लोक तो मागायलाच विसरतात.)

कर्जाच्या बाबतीत विक्री प्रतिनिधीने "फक्त पाच टक्के फ्लॅट" असा दर सांगितला. धाकटे खूश झाले. थोरल्यांनी दिवाणजींना कागद आणायला सांगितला. 60 लाखांवर पाच टक्क्यांनी पाच वर्षांचे व्याज 15 लाख; म्हणजे 75 लाखांचे साठ हप्ते, प्रत्येकी 1 लाख 25 हजार. घटत्या शिलकेवर नऊ टक्क्यांनी हाच हप्ता साधारण 1 लाख 24 हजार 550 येतो. कानाला स्वस्त वाटणारा पाच टक्क्यांचा दर नऊ टक्क्यांहूनही किंचित महाग निघाला. फ्लॅट दरात, फेडून झालेल्या मुद्दलावरही शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज चालू राहते, एवढाच त्यातला चमत्कार.

उरलेले पंचवीस-तीस लाख कोठून आणायचे? कॅश क्रेडिट खात्यात मर्यादा शिल्लक होती आणि धाकट्यांचे बोट तिकडेच गेले. येथे थोरले प्रथमच आवाज चढवून बोलले. फेब्रुवारीपासून नवी हळद बाजारात येते. शेतकऱ्याच्या पट्टीची रक्कम वेळेवर द्यावी लागते आणि पेढीची सारी पत त्यावर उभी आहे. माल उचलण्यासाठी दिलेली मर्यादा गाडीत अडकवली, तर ती हंगामात मोकळी होत नाही. चांगल्या चालणाऱ्या पेढ्या अशाच एखाद्या खरेदीने आजारी पडतात. तोट्याने पडणाऱ्या त्या मानाने थोड्या. दोन दिवस भाऊ एकमेकांशी कामापुरतेच बोलत होते.

तिसऱ्या दिवशी चाचणीची गाडी घरी आली. शोरूमजवळच्या गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटे फिरवून गाडी पसंत करणे म्हणजे पोत्यात हात न घालता हळद घेणे होय. थोरल्यांनी आग्रह धरला की, गाडी पेठेतील आपल्या गल्लीत यावी, पाच माणसे बसवून गतिरोधकावरून जावी. पाच मीटरहून लांब गाडी वळणावर दोनदा मागे घ्यावी लागली. गतिरोधकावर पोट घासले नाही, पण चालकाला ती तिरपी चढवावी लागली.

आक्का मात्र वेगळीच तपासणी करीत होत्या. त्यांनी आसनावर हात फिरवून विचारले, "हे कातडं कशाचं?" प्रतिनिधीने कृत्रिम असल्याचे सांगितले. आज बहुतेक कंपन्यांकडे अशी आच्छादने आहेत : मर्सिडीजचे आर्टिको, बीएमडब्ल्यूचे सेन्साटेक आणि वेगान्झा. आक्कांनी लगेच स्टीअरिंगकडे बोट दाखविले. "आणि हे?" आसने कृत्रिम असली तरी स्टीअरिंगचे आवरण आणि गिअरच्या मुठीचे वेष्टन खऱ्या चामड्याचे असू शकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. प्रतिनिधीने फोन लावला.

मग अण्णा मागे बसले. आसन मागे कलले, पाय लांब झाले आणि मिरज रस्त्यावर त्यांना चक्क डुलकी लागली. सर्वांना वाटले, प्रश्न मिटला. घरी परतल्यावर मात्र त्यांना उठता येईना. सेडानचे आसन खोल असते; गुडघे कमरेच्या वर येतात आणि धडाचा सगळा भार त्या झिजलेल्या सांध्यांवर पडतो. दोघांनी धरून त्यांना बाहेर काढले. अण्णा काही बोलले नाहीत, पण धाकट्यांचा चेहरा उतरला.

नातवाने एक गोष्ट सुचविली. चालकाशेजारचे आसन विजेवर वर-खाली होते. मागचे तसे उंचावत नाही. ते पूर्ण उंच करून, मागे सरकवून अण्णांना तेथे बसविले. पाय आधी बाहेर, एक हात दाराच्या चौकटीला, आणि अण्णा स्वतःचे स्वतः उभे राहिले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. चार वेळा.

म्हणजे ज्या लांबीसाठी एवढे लाख द्यायचे, ती अण्णांच्या उपयोगाचीच नव्हती. धाकट्यांनीच प्रतिनिधीला त्याच कंपनीच्या लहान सेडानचे दरपत्रक मागितले. तिच्या पुढच्या आसनावरही अण्णा दुसऱ्या दिवशी चार वेळा बसून उठले. किंमत बरीच खाली आली, कर्ज घरच्या ठेवी सांभाळून भागण्याइतके झाले आणि कॅश क्रेडिटचा विषय निघालाच नाही. नोंदणी मात्र आठ दिवस थांबली, कारण स्टीअरिंगचे आवरण चामड्याचे नसेल ही अट मागणीपत्रात लेखी आल्याशिवाय आक्कांनी धनादेशावर सही होऊ दिली नाही.