ध्रुवपद उचलताना

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गावर मी संतकाव्यातील नाममुद्रेविषयी बोलत होतो. 'तुका म्हणे', 'एका जनार्दनी', 'चोखा म्हणे' अशी आपली खूण कवी अभंगाच्या शेवटच्या चरणात का ठेवतो, त्यात मालकी किती आणि साक्ष किती, वह्या हातोहात फिरण्याच्या काळात त्या खुणेला काय मोल होते, हा माझ्या आवडीचा विषय. वर्षानुवर्षे शिकवून तोंडात बसलेलाही. तास संपता संपता सिन्नरकडचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, वामनदादांच्या गाण्यातपण शेवटी वामन येतं की." मी घड्याळाकडे पाहत म्हणालो, "हो, पण ते वेगळे." तो बसला. वेगळे म्हणजे कसे, हे त्याने विचारले नाही. विचारले असते तर मला सांगता आले नसते.

हे उत्तर पुढे बरेच दिवस मला टोचत राहिले. त्याचे कारण असे की मी स्वतःला गाण्यांचा जाणकार समजतो. कवितेकडे मी गाण्याच्या वाटेने आलो. आमचे घर पंचवटीत, काळाराम मंदिरापासून दोन गल्ल्यांवर, एका जुन्या वाड्यात होते. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक. घरात एक फिलिप्सचा टेपरेकॉर्डर आणि जेमतेम तीस-पस्तीस कॅसेटी. गजानन वाटवे, मालती पांडे, सुधीर फडक्यांचे गीतरामायण, अरुण दाते. पाडगांवकर आणि खळे ही जोडगोळी मला आडनावांच्या आधी सुरांनी कळली. ग्रेस नावाचा कवी दुर्बोध असतो हे मला महाविद्यालयात समजले. त्याआधी हृदयनाथांच्या चालीतून त्याची कविता मला, शब्दांचा अर्थ न लागताही, पाठ होती. आजही वर्गात ग्रेस शिकवताना मी आधी ती चाल गुणगुणतो आणि मग पुस्तक उघडतो. गाण्याने कवितेला उणेपणा येतो असे मला कधीच वाटले नाही. निदान या कवींच्या बाबतीत तरी नाही.

आता खिडकीची गोष्ट सांगतो. चौदा एप्रिलच्या रात्री पलीकडच्या वस्तीतून कर्ण्यावर गाणी येत. ढोलकी, पेटी, बेंजो, एक उंच लागलेला आवाज आणि त्यामागून एकदम उसळणारा पाच-सहा जणांचा कोरस. वडील उठून खिडकी लावून घेत. "परीक्षा आहेत," एवढेच म्हणत. एप्रिलात परीक्षा असतात हे खरेच होते. पण गणेशोत्सवातही सहामाही परीक्षा तोंडावर आलेली असे आणि तेव्हा ती खिडकी उघडी राही. वडील दुष्ट नव्हते. २ मार्च १९३० रोजी आमच्या दोन गल्ल्या पलीकडे सुरू झालेल्या सत्याग्रहाची हकिगत त्यांनीच मला मंदिराच्या दारात उभे करून सांगितली होती, आणि अभिमानाने सांगितली होती. सत्याग्रह इतिहासात होता म्हणून तो घरात येऊ शकत होता. त्याची गाणी मात्र शेजारच्या वस्तीत चालू होती.

गंमत अशी की त्याच टेपरेकॉर्डरवर आषाढीला सकाळी प्रल्हाद शिंदे लागत. विठ्ठलाच्या गाण्यांची ती कॅसेट आईची होती. भीमगीते गाणारे प्रल्हाद शिंदे ते हेच, हे आम्हांला बरेच उशिरा कळले. पंढरीची वाट धरली की तो आवाज घरात चाले, दुसरी वाट धरली की चालत नसे, इतका सरळ हिशोब होता.

१० मार्च १९९९ रोजी कुसुमाग्रज गेले तेव्हा मी त्यांच्या अंत्यदर्शनाच्या रांगेत उभा होतो. त्या दिवशीचे ऊनसुद्धा आठवते. १५ मे २००४ रोजी वामनदादा कर्डक याच नाशकात गेले. तेव्हा मी मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थी होतो. बातमी वाचल्याचे आठवते. त्यापलीकडे काही आठवत नाही.

एम.ए.च्या दोन वर्षांत वामनदादा मला एका वाक्यात भेटले होते. 'शाहिरी आणि जलसे यांनी प्रबोधनाचे कार्य केले' अशा धर्तीच्या वाक्यातील नावांच्या यादीत ते होते, भीमराव कर्डकांच्या शेजारी. (१९३०च्या दशकात नाशिक जिल्ह्यातून जलसा घेऊन गावोगाव फिरणारे भीमराव कर्डक आणि १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामन कर्डक ही दोन वेगळी माणसे, हेही मी परीक्षेपुरतेच जाणत होतो.) उलट बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३), ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२), दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आम्ही ओळ न् ओळ वाचले, त्यांवर भांडलो. दलित साहित्याला मराठी विभागाचे दार उघडले गेले ते छापील पुस्तकाच्या रूपात. जे गाणे होते, ते दाराबाहेर चपलांपाशी राहिले. बागुलही नाशिकचेच होते, म्हणजे अंतराचा प्रश्न नव्हता.

त्या 'वेगळे'चा अर्थ शोधायला मी मागे जाऊन ऐकू लागलो, तेव्हा पहिला धक्का अगदी माझ्या आवडत्या ठिकाणी बसला. 'सांगत्ये ऐका' (१९५९) हा अनंत माने यांचा चित्रपट मी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. हंसा वाडकर, वसंत पवारांचे संगीत, माडगूळकरांची बुगडी यांवर मी मित्रांच्या मैफलीत तासभर बोलू शकतो. त्याच चित्रपटातले सासुरवाडीला आलेल्या जावयाचे, गुलछडीचे खट्याळ गाणे मी लहानपणापासून म्हणत आलो. ते वामन कर्डकांचे आहे हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळले. ज्याचे गाणे खिडकी लावून बाहेर ठेवले, तो इतकी वर्षे चित्रपटाच्या तबकडीवरून घरातच येऊन बसला होता. आणि आम्ही कवीचे नाव वाचले नव्हते. नाममुद्रेवर व्याख्यान देणाऱ्याने!

मग मी त्या विद्यार्थ्याला गाठले. माफी वगैरे मागितली नाही. तेवढे धैर्य नव्हते. फक्त म्हटले, तुझ्याकडे गाणी आहेत का? त्याने मला नाशिकरोडला आपल्या आजोबांकडे नेले. आजोबा नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी एका गायन पार्टीत झीलकरी होते, म्हणजे मुख्य गायकामागे ध्रुवपद उचलणाऱ्यांपैकी एक. दिवसपाळी करून रात्री कार्यक्रमाला जायचे आणि पहाटे परतून पुन्हा पाळीवर. पार्टी मोडली त्याला वीस वर्षे झाली. त्यांच्याकडे उरली होती एक जाड पुठ्ठ्याची वही, शाईने लिहिलेली, कडेला तेलाचे डाग. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एका हिंदी सिनेगीताचा उल्लेख.

इथे माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. उसन्या चालीवर बेतलेले शब्द ही आपली जुनी तक्रार. पण तक्रार करताना आपण काय विसरतो? गोविंदराव टेंब्यांनी 'मानापमान'च्या (१९११) पदांना चाली दिल्या तेव्हा उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीचा मोकळेपणाने आधार घेतला, आणि त्याला आपण नाट्यसंगीताचे वैभव म्हणतो. वामनदादांची सुरुवातही १९४३च्या सुमारास एका हिंदी सिनेगीताच्या विडंबनाने झाली. मुंबईत मजुरी करताना दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरे जोडायला शिकलेला हा माणूस. ज्या श्रोत्यांसमोर तो उभा राहणार होता त्यांच्या कानात जी चाल आधीच होती, तिच्यावर त्याने आपले शब्द बसवले. चाल ओळखीची असली की श्रोता शब्दांकडे मोकळा होतो. छापखाना, वितरक, समीक्षक यांपैकी काहीही हाताशी नसताना गाणे एका रात्रीत दहा गावांत पोचवण्याचा दुसरा मार्ग मला तरी सुचत नाही.

आणि शब्दांचे म्हणाल, तर ते नुसते चालीच्या मापात कोंबलेले नाहीत. देशातील बड्या उद्योगपतींची नावे घेऊन आमचा वाटा कुठे आहे असा जाब विचारणारे त्यांचे प्रसिद्ध गाणे घ्या. उद्योगपतींची आडनावे आणि मागितलेला 'वाटा' यांचे यमक जुळवून वामनदादा जो हिशोब मांडतात, तो अर्थशास्त्राच्या परिच्छेदात इतक्या थोडक्यात मावणार नाही. यमकच तिथे युक्तिवाद होते. किंवा बाबासाहेबांच्या पश्चात त्यांच्या अनुयायांनाच आरसा दाखवणारे ते गझलेच्या अंगाचे गाणे पाहा. रदीफ-काफिया नीट सांभाळलेला, आणि रोख बाहेरच्या शत्रूवर नाही, समोर बसलेल्या टाळ्या वाजवणाऱ्यांवर. ज्याला आपण 'प्रचारगीत' म्हणून बाजूला सारतो, त्यात स्वपक्षाला इतके कडू बोलण्याची सोय असते का? आपल्या नामांकित सामाजिक कवितेत तरी ती किती वेळा दिसते?

वामनदादांनी हजारोंनी गाणी लिहिली. दहा हजार हा आकडा नेहमी सांगितला जातो. ती सगळी चांगली आहेत असे मी म्हणणार नाही. वहीतली कित्येक प्रासंगिक आहेत, काहींत विशेषणांची नुसती रास आहे. पण हा न्याय आपण सगळ्यांना लावतो का? गाथेतला प्रत्येक अभंग सारख्या तोलाचा नसतो आणि माझ्या लाडक्या भावगीतांतले चंद्र-तारे मोजायला बसलो तर रात्र पुरणार नाही. निवड करणे हेच समीक्षेचे काम, आणि वामनदादांच्या बाबतीत ते काम आपण सुरूच केले नाही. दुर्लक्ष किंवा पुष्पहार, एवढे दोनच प्रकार चालू आहेत. २०२२ साली त्यांची जन्मशताब्दी झाली तेव्हा हारांची बाजू जोरात होती. (आणि आता चौदा एप्रिलला डीजेच्या भिंतीतून जे येते त्यात शब्द कुठल्या कुठे बुडून गेलेले असतात. हे म्हणताना आपण पुन्हा खिडकी तर लावत नाही ना, असे मला वाटून जाते. पण शब्दांवर प्रेम असणाऱ्याने हे म्हटले पाहिजे.)

त्या दुपारी आजोबांनी वही मिटली आणि एक गाणे म्हणायला घेतले. आवाज राहिला नव्हता, श्वास मध्येच तुटत होता. पहिले कडवे संपले तसा त्यांनी उजवा हात वर केला आणि थांबले. मला वाटले दम लागला. नातू हळूच म्हणाला, "सर, आता आपण म्हणायचं." मला ध्रुवपद येत नव्हते. त्याने एकट्याने उचलले. आजोबांचा हात खाली आला, आणि पुढचे कडवे सुरू झाले.

पुस्तकात ध्रुवपदाच्या जागी फक्त 'धृ' हे अक्षर असते, दोन दंडांमध्ये. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की तिथे पहिली ओळ पुन्हा वाचायची, आणि वाचताना ती सोडून देतो. मला वाटते, या गाण्यांच्या बाबतीत आमची चूक नेमकी त्या अक्षरात आहे. कडवे कवीचे असते, ध्रुवपद इतरांचे. गायक विचारतो, झीलकरी आणि त्यांच्यामागे सगळी वस्ती उत्तर देते. निम्मे गाणे त्या उत्तरात असते. भावगीताचा गायक एकटा असतो आणि श्रोत्याने गप्प राहावे अशी त्याची अपेक्षा असते. तो एकांत मला आजही प्रिय आहे. पण त्या एकांताच्या मापाने हे गाणे मोजले तर ते उघडे, ठोकळ, पुनरुक्तीने भरलेले वाटणारच. नाममुद्राही मग वेगळी दिसू लागते. इतका वेळ सगळ्यांनी मिळून म्हटलेल्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो, तो पुन्हा त्या घोळक्यातला एक म्हणून येतो आणि आपल्या बोलण्याची जबाबदारी घेतो. 'तुका म्हणे'ही टाळकऱ्यांच्या मेळ्यातच घडत होते. ते आपण छापील गाथेतून शिकवतो म्हणून आपल्याला एकट्याचे वाटते.

यंदा नाममुद्रेचा तास मी त्या विद्यार्थ्यालाच निम्मा दिला. तो सध्या आजोबांची वही संगणकावर उतरवून घेतो आहे. परवा त्याने विचारले, वहीत सगळीकडे 'हाय' आहे, त्याचे 'आहे' करू का? मी म्हटले, अजिबात करू नकोस. आणि प्रत्येक कडव्याखाली नुसता 'धृ' न ठेवता ध्रुवपद पूर्ण लिही. त्याने पाने वाढतील असे तो म्हणाला. वाढू देत.