बुधवारचे मासे

हल्ली आमच्या वयाच्या आणि आमच्याच धंद्यातल्या मंडळींच्या गप्पांत एक नवीन पाहुणा आलाय. "रात्री घरी आल्यावर जेवायला काय करता रे?" असं विचारलं की हमखास कोणीतरी सांगतं, "साल्मन! दहा मिनिटं मॅरिनेट, दहा मिनिटं पॅनवर, खलास!" सांगताना चेहऱ्यावर असा भाव, की जणू गेल्या शंभर पिढ्यांना न सुटलेलं कोडं आज याने सोडवलं.

आता, मी काही साल्मनचा वैरी नाही. चवीला उत्तम मासा आहे. खिशाला परवडत असेल तर जरूर खा. पण आठवड्याच्या मधल्या रात्री, ऑफिसातून पिळून आल्यावर, अर्ध्या तासात मासे करून खायचे असतील तर त्यासाठी नॉर्वेहून मासा विमानाने आणावा लागतो, हे काही मला पटत नाही. आणि आमच्या वडाळ्यात बसून तर मुळीच पटत नाही. साल्मनच्या पाकिटातली सोय ही बरीचशी सुरीची आणि मुरवणाची सोय आहे. माशाचा वाटा त्यात कमी. ती सोय या शहरात आधीपासून आहे. मग आपण ती का वापरत नाही, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर जरा अडचणीचं आहे, म्हणून ते शेवटी :)

आधी साल्मनची ओळख करून घेऊ. आपल्याकडे मिळतो तो बहुतेक अटलांटिक साल्मन, समुद्रातल्या जाळीदार पिंजऱ्यांत वाढवलेला. त्याचा तो सुंदर केशरी-गुलाबी रंग अ‍ॅस्टाझँथिन नावाच्या द्रव्याचा. मोकळ्या समुद्रातल्या साल्मनला ते लहान कोळंबीसारख्या जिवांतून मिळतं, पिंजऱ्यातल्याला खाद्यातून द्यावं लागतं. आणि सुशीवरचा तो कच्चा साल्मन बघून आपण म्हणतो ना, "काय ती जपानी परंपरा!" ती परंपरा आपल्यातल्या काहींच्या वयाचीच आहे. जपानी लोक साल्मन कच्चा खात नसत, त्यात परजीवी असतात म्हणून. १९८० च्या दशकात नॉर्वेकडे साल्मन उदंड झाला, तेव्हा त्यांनी 'प्रोजेक्ट जपान' नावाची मोहीम काढून, वर्षानुवर्षं चिकाटीने तो जपान्यांच्या ताटात नेऊन ठेवला. मार्केटिंग असावं तर असं!

आपल्याकडे तर नावातच गंमत आहे. हॉटेलच्या मेनूवर रावसाला 'इंडियन साल्मन' म्हणतात. प्रत्यक्षात या दोघांचं काडीचं नातं नाही. रावसाचं शास्त्रीय नाव एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम. टेट्राडॅक्टिलम म्हणजे चार बोटांचा, कारण छातीच्या पराखाली त्याला दोऱ्यासारखे चार मोकळे तंतू असतात. साल्मनचं कूळच वेगळं. रावस पांढऱ्या मांसाचा, साल्मन गुलाबी आणि तेलकट. आपल्या अस्सल माशाला दुसऱ्याचं आडनाव लावल्याशिवाय आपल्याला त्याची किंमत कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. असो.

मुद्द्यावर येतो. साल्मनचे तुकडे झटपट का होतात? तीन कारणं. एक, खवले काढलेले, काटे काढलेले, सारख्या जाडीचे तुकडे आयते मिळतात. दोन, मासा तेलकट असल्यामुळे मिनिटभर जास्त शिजला तरी लगेच कोरडा पडत नाही. तीन, मुरवणाला वाटण-बिटण लागत नाही. सोया सॉस, लिंबू, मध, आलं, लसूण, संपलं.

पहिलं कारण सुरीचं आहे. आपल्या मंडईत मासे विकणाऱ्या बायका हेच काम इतक्या सफाईने करतात की बघत राहावं. सिटीलाइटजवळच्या गोपी टँक मंडईत जा. "मावशी, कालवणाचे नकोत, तळायचे तुकडे करा, बोटभर जाडीचे," एवढं सांगा. खवले, पर, पोट साफ करून दोन-चार मिनिटांत तुकडे पिशवीत. रावस किंवा सुरमईच्या अशा तुकड्यात मधला एक काटा असतो, तो जेवताना दिसतो आणि बाजूला काढता येतो. काट्यांना घाबरणाऱ्या मंडळींनी एवढं धाडस करायला हरकत नाही.

दुसरं कारण तेलाचं. तेलकटच मासा हवा असेल तर आपला बांगडा आहे, तारली आहे. ज्या ओमेगा-३ साठी लोक साल्मनच्या मागे लागतात ते या दोघांतही चांगलं असतं. काटे थोडे जास्त, हे मान्य. पण एका माणसाच्या साल्मनच्या पैशात दोघांचं दोन-तीन वेळचं बांगड्यांचं जेवण होतं, हेही मान्य करा.

तिसरं कारण मुरवणाचं, आणि इथे तर आपण घरच्या मैदानावर आहोत. त्या परदेशी मुरवणाकडे इंजिनियरच्या नजरेने बघा. सोया सॉस म्हणजे खारट. लिंबू म्हणजे आंबट. आलं-लसूण म्हणजे आलं-लसूण. मध म्हणजे रंग यायला साखर. आता आपलं बघा. मीठ, कोकमाचं आगळ, आलं-लसूण, हळद-तिखट, आणि खरपूस रंगासाठी वरून रवा. फॉर्म्युला तोच, फक्त व्हेरिएबल्सची नावं बदलली. मिठाबद्दल तर वडाळेकरांना कोणी शिकवायला नको. आमच्याकडे मिठागरं होती, आणि अजूनही सॉल्ट पॅन रोड नावाचा रस्ता आहे.

यातलं आंबट हे नुसतं चवीसाठी नसतं. समुद्री माशांत ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचं संयुग असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात. आपण ज्याला 'मासळीचा वास' म्हणतो त्यात मोठा हात याचा. हा पदार्थ अल्कधर्मी, त्यामुळे आंबट लागलं की त्याचा क्षार होतो, आणि क्षार काही उडून शेजाऱ्यांच्या नाकापर्यंत जात नाही. आजीला हे समीकरण ठाऊक नव्हतं, पण कोकम ठाऊक होतं.

मात्र हेच आंबट जास्त वेळ ठेवलं तर माशातली प्रथिनं चुलीशिवायच 'शिजायला' लागतात. पेरू देशातला सेविचे हा पदार्थ याच तत्त्वावर चालतो, लिंबाच्या रसात कच्चा मासा. आपल्याला तळायचाय, त्यामुळे वीस मिनिटं पुरे. रात्रभर मुरवण्याची गरजच नाही. मीठ आत शिरतं, पण आलं-लसणाची चव पृष्ठभागापाशीच राहते, मग बोटभर तुकड्याला रात्रभर डांबून ठेवून काय मिळणार?

तर आता पाकृ. दोघांसाठी चारशे ग्रॅम तुकडे. धुऊन निथळा. अर्धा चमचा हळद, दोन चमचे आगळ, दीड चमचा आलं-लसूण वाटण, चमचाभर मालवणी मसाला किंवा साधं तिखट. मीठ बेताने, कारण आगळ आधीच खारवलेलं असतं. हे चोळून बाजूला ठेवा. वीस मिनिटांनी दोन भाग तांदळाचं पीठ आणि एक भाग बारीक रवा मिसळून त्यात तुकडे घोळवा. जड तव्यावर दोन-तीन चमचे तेल चांगलं तापवा, तुकडे ठेवा आणि मग हात बांधून उभे राहा. चार मिनिटं एका बाजूने, तीन-चार दुसऱ्या बाजूने. कड सुटायच्या आत उलथनं घालून टोचाटोची केली तर रवा तव्याला आणि मासा उलथन्याला.

वेळेचा हिशोब बघा. पावणेनऊला घरी. पाच मिनिटं चोळायला. मुरणं हा बॅकग्राउंड प्रोसेस, त्याला तुमची गरज नाही. तेवढ्यात भात कुकरला लावा, आंघोळ करा, कांदा चिरा. सव्वानऊला तवा, साडेनऊच्या आत ताट. मोबाईलवर ऑर्डर केलेलं जेवण बऱ्याचदा एवढ्यात गेटवरच्या वॉचमनपर्यंतही पोचत नाही.

"पण बुधवारी मंडईत जाणार कोण?" बरोबर आहे. म्हणून मंडईचं काम रविवारी करा. तुकड्यांना नुसतं मीठ-हळद लावून, एका वेळेचे एका डब्यात असे फ्रीझरमध्ये टाका. आंबट तेव्हा लावू नका, मासा पिठूळ होतो. बुधवारी सकाळी निघताना डबा खालच्या कप्प्यात सरकवा, संध्याकाळपर्यंत तयार. एकदा सुटलेला मासा पुन्हा गोठवायचा नाही, एवढं पथ्य पाळा.

बुधवारच का म्हणाल, तर मत्स्यप्रेमी मराठी घरांचं वेळापत्रकच ते. बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. पण आमच्या पिढीत बुधवार आणि शुक्रवार गळाले, रविवार तेवढा उरला. आणि त्या रिकाम्या जागेत साल्मन घुसला.

आता ते अडचणीचं उत्तर. आमच्या लहानपणी बुधवारी मासे व्हायचे, कारण आई नोकरीवरून परतताना स्टेशनबाहेर बसणाऱ्या कोळणीकडून मासे घ्यायची आणि घरी येऊन पदर खोचून ओट्याशी उभी राहायची. बाबा तोवर पेपर वाचायचे. ही आमच्या एकट्याच्या घरातली गोष्ट नव्हे, चाळीत सगळीकडे हेच. आपण त्याला 'आईच्या हातची चव' असं गोड नाव दिलं. खरं तर ती तिची रोजची दुसरी शिफ्ट होती, बिनपगारी. आज आमच्या घरांत दोघं नोकरी करतात, दोघं सारख्याच वेळी दमून येतात, आणि ती दुसरी शिफ्ट एकटीने करायला कोणी तयार नाही. का असावं? पण ती वाटून घ्यायलाही बरेच पुरुष तयार नाहीत. मग मधला मार्ग म्हणजे पाकीट. साल्मनच्या पाकिटाची जी किंमत आपण मोजतो, तिच्यातला मोठा हिस्सा 'माशाला हात न लावण्याचा' आहे.

आमच्या घरी तव्यापुढे मी असतो. बायको भात, कोशिंबीर बघते, कधी उलटं. यात पराक्रम काही नाही, चोळायचं आणि सात मिनिटं उभं राहायचं. प्रॉडक्शनमध्ये रात्री बारा वाजता बग शोधणाऱ्या माणसाला रावसाचा तुकडा उलटता येऊ नये?

आता दोन आक्षेप. पहिला वासाचा. भाड्याचं घर शोधताना "नॉनव्हेज चालणार नाही" हे आम्हीही ऐकलंय. पण साल्मन तळला की वास येत नाही, हा गोड गैरसमज आहे. त्याच्या चरबीचा वास घरभर दरवळतो. खिडकी उघडा, पंखा लावा, तवा लगेच धुवा, उपाय दोघांना एकच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. मासे संपत चाललेत, मग आपणही खायचे का? हा प्रश्न विचारायलाच हवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताजी सुरमई मागू नका. सोडे, सुका बोंबील आहेत, आणि हो, तेव्हा फ्रोझन साल्मन खाल्लात तरी माझी तक्रार नाही. त्याच सुमारास वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर आषाढीची रांग लागते, पाठोपाठ श्रावण येतो, म्हणजे पंचांगानेही सुट्टी दिलेलीच आहे. शिवाय राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलंय. वीतभरसुद्धा नसलेली सुरमई स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, तिला एकदा तरी अंडी घालू द्या. रावसाचं तर आणखी वेगळं. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. लहानपणीच उचलले तर पुढच्या माद्या येणार कुठून? शिवाय हे सगळं विचारायला समोर एक विकणारी बाई असते. "कुठला मासा? कधीचा?" पाकिटाला असं विचारता येत नाही.

आणि शुद्ध परंपरेचा आग्रह म्हणून मी हे लिहीत नाहीये. हार्बर लाइनवर वडाळ्याच्या पुढचंच स्टेशन गुरू तेग बहादूर नगर, त्याचं जुनं नाव कोळीवाडा. फाळणीनंतर तिथे पंजाबी निर्वासित वसले, आणि ते ओव्याच्या वासाचं, लालभडक 'कोळीवाडा' तळण त्यांच्याच हातचं मानतात. नाव कोळ्यांचं, हात पंजाब्यांचा, कोळंबी अरबी समुद्राची! तेव्हा आगळ संपलं असेल तर लिंबू पिळा, सोया सॉस आवडत असेल तर बांगड्याला बिनधास्त लावा, छान लागतो.

फक्त येत्या रविवारी मंडईत गेलात की एका वेळचे तुकडे जास्तीचे घ्या. आणि पुरुष मंडळींनो, पिशवी धरायला नुसते जाऊ नका. तुकडे किती जाडीचे हवेत ते तुम्हीच सांगा, कारण बुधवारी तळायचे तुम्हाला आहेत.