‘साहित्यच नाही’ म्हणणाऱ्यांना शोध दाखवा

“यावर साहित्यच नाही, विषय बदला.” दलित स्त्रियांमधल्या अ‍ॅनिमियावर प्रबंध करायचा म्हणून गेले, तेव्हा गाइडनी एवढंच सांगितलं. मी पबमेडमध्ये अख्खं वाक्य टाइप केलं होतं आणि हाती जेमतेम काही लेख लागले होते. घरातली पहिली पदवीधर मी. वाद कशाच्या जोरावर घालणार? विषय बदलला.

पुढे एका ग्रंथपाल मॅडमनी ‘मेश’ समजावलं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची 1960 पासूनची ही विषय-शीर्षकांची यादी. लेखकाने कोणताही शब्द वापरो, लेखाला यादीतलं ठरलेलं शीर्षक लागतं. ‘अ‍ॅनिमिया’ घेतलं की त्याच्या पोटातला लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमियाही आपोआप येतो.

मग मी ‘कास्ट’ टाकून पाहिलं. मेशने मला ‘सोशल क्लास’कडे पाठवलं. जात तिथे वर्गाचा पर्यायी शब्द होती, आणि वर्ग मोजायचा शिक्षण, व्यवसाय, उत्पन्नावरून! बाबासाहेबांनी 1916 साली न्यूयॉर्कमध्येच वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ सजातीय विवाहात दाखवलं होतं. त्याच देशातल्या यादीत जात मात्र वर्गाच्या खणात.

म्हणून शोध तीन गटांत बांधा. पहिला आजाराचा: ‘अ‍ॅनिमिया’ हे विषय-शीर्षक, शिवाय लेखाच्या नावात आणि सारांशात तोच शब्द. ब्रिटिश वर्तनीत एक अक्षर जास्त असतं, दोन्ही टाका. दुसरा जातीचा: ‘सोशल क्लास’, शिवाय कास्ट, दलित, शेड्यूल्ड कास्ट हे शब्द. तिसरा इंडिया. गटातले शब्द ‘ऑर’ने जोडा, गट एकमेकांना ‘अँड’ने. पबमेडमधल्या सगळ्याच लेखांना मेश लागलेलं नसतं, म्हणून नुसत्या विषय-शीर्षकावर विसंबू नका.

तरीही काही निसटतंच. पबमेड पूर्ण लेख धुंडाळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरच्या अनेक लेखांत जात असते तक्त्यातल्या एका ओळीत. सारांशात तिचं नावही नसतं. अशा वेळी जातीच्या गटाऐवजी सर्वेक्षणाचं इंग्रजी नाव टाका आणि तक्ते वाचा.

शोध कधी केला, कोणत्या शब्दांनी केला, किती लेख आले, हे लिहून गाइडच्या टेबलावर ठेवा. ‘साहित्य नाही’ आणि ‘सापडलं नाही’ यांतला फरक त्या कागदावर दिसतो. आणि एवढं करून खरंच काही नसेल, तर विषय सोडायचं नव्हे, धरायचं कारण मिळालं.

ज्यांच्या घरात प्राध्यापक आहेत, त्यांना हे जेवताना कळतं. आपल्याला ते पहिल्या सत्राच्या अभ्यासक्रमातच मिळायला हवं. तोवर ग्रंथपालांना विचारायला लाजू नका. मेशला नवं विषय-शीर्षक सुचवताही येतं. जातीला स्वतःचं शीर्षक द्या, ही मागणी आपणच करायला हवी.