गाडी खाली बसवण्याआधी

चिखलीच्या एका गॅरेजमध्ये परवा जॅकवर चढवलेली गाडी पाहिली. चाक लोंबकळत होतं आणि पुढची स्प्रिंग बसकणीत चक्क हाताने फिरत होती. गाडी खाली दिसावी म्हणून स्प्रिंगचा दीड वेढा ग्राइंडरने कापलेला. शॉकअप मात्र मूळचाच, लांब दांड्याचा. असलं जोडकाम पाहिलं की जिवाला घोर लागतो. चाक खड्ड्यात सुटलं की सैल स्प्रिंग जागा सोडू शकते, आणि गाडी दबली की शॉकअप लगेच तळाला जाऊन रबरी ठोकळ्यावर आदळतो. राजूर घाटाच्या वळणावर हे झालं तर? गाडी उतरवायचीच असेल तर आखूड स्प्रिंग आणि तिच्या मापाचा शॉकअप एकत्रच बदलावा, दोन्ही बाजूंना, आणि लगेच अलाइनमेंट करून घ्यावी. नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतात. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मला तेही पटत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे होतात. नियमातला गोल गतिरोधक 10 सेंमी उंच, 3.7 मीटर रुंद. गावकऱ्यांनी रातोरात घातलेल्या उंचवट्याला कसलं आलंय माप! पोटाखाली साधारण 165 मिमी जागा असलेल्या छोट्या गाडीतून 40 मिमी काढले, वर पाच माणसं आणि दिवाळीचं सामान, की खालचा चेंबर घासलाच म्हणून समजा. गॅरेजमधल्या त्या गाडीवाल्या मुलाला मी मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा मागवायला लावल्या. कापलेल्या स्प्रिंगा मिस्त्रीने माझ्यादेखत भंगारात टाकल्या.